अर्धा गुणिले तीन

सोम. ६ जाने.
क्लिनिकच्या काउंटरवरच्या श्वेताचा फोन. ओवीच्या सोम-बुध-शुक्र सकाळच्या वेळा गेल्या. आता फक्त मंगळवारी संध्याकाळी, दीड तास सलग. "तेवढंच होतं ना ताई, अर्धा गुणिले तीन." अगं भवाने, तीन वेळचं जेवण एकदम गिळतेस का तू? चार वर्षांची पोर. सगळं कळतं तिला, फक्त बोलायला गेली की जीभ-ओठ ऐकत नाहीत. थेरपिस्ट नेहाताई पहिल्यापासून सांगतायत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि पोर ताजी असताना. संध्याकाळी सातला ओवी ताजी? मीच नसते.

बुध. ८
सुट्टी टाकून कोपरीला, क्लिनिकमध्ये गेले भांडायला. श्वे. म्हणे, "सिस्टीमनेच हलवलं." नेहाताईंना गाठलं तर त्या, "तुम्हालाच सकाळ जमत नाही ना? श्वेता म्हणाली." मी!! कधी?? श्वे. तोंडावर म्हणते, "फोनवर तुम्हीच म्हणालात." तेवढ्यात आमची वेळ ज्याला दिली तो मुलगा आतून धावत आला, थेट तिच्याकडे. "मामी!" तिच्या नणंदेचा. त्यालाही ओवीसारखंच आहे. पण "मामी" इतकं स्पष्ट की मी जळून खाक. तो शब्द ओवीच्या वेळेतला आहे.
नेहाताई "बघते" म्हणाल्या.

मंगळ. १४, संक्रांत
अर्ध्या तासात ओवी टेबलाखाली. उरलेला तास नुसतं रडणं. निघताना श्वे. वाटी घेऊन उभी, "तिळगूळ घ्या, गोड बोला." ओवीचा गालगुच्चा घेऊन, "तू नुसतं बोल गं बाई, गोडाचं नंतर बघू." सगळे हसले. मीपण हसले. मेलं माझं तोंड.
ठरलं. बोलेल. तुझ्याच तोंडावर बोलेल.

गुरु. १६
घरी सरावाला नेहाताईंचा शब्द: पाणी. माझा शब्द: खोटी. अंघोळीला, वेणी घालताना, पोळ्या लाटताना. माझं तोंड बघ, हळू. ओती. तोती. सचिन वैतागला. "अगं, पोरीला पाणी मागता येऊ दे आधी!" म्हटलं, पाणी मी देते तिला.

शनि. २५
खोती. ख आला! सासूबाई: "कोण गं ही खोती?" म्हटलं, आहे एक.

सोम. ३ फेब्रु.
खोटी. ट ठणठणीत. कडेवर घेऊन घरभर नाचले. उद्या रथसप्तमी, तिळगुळाचा शेवटचा दिवस. डबा भरून ठेवलाय. मी "घ्या श्वेताताई, गोड बोला" म्हणणार आणि ओवीला खूण. मग बघू कोण हसतं.

मंगळ. ४
निघायलाच तयार नव्हती. दीड तास आठवतो तिला. म्हटलं, चल, तलावपाळीला होडीत बसू. चप्पल घालून दारात उभी. ठाण्याला उतरून मी पूर्वेकडे, क्लिनिकच्या बाजूला वळले तर हात ओढते. होडी पश्चिमेला, हे पाठ आहे तिला. उचलून नेली.
काउंटरवर डबा उघडला. श्वे.ने लाडू उचलला. खूण केली. ओवीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून,
"आई खोटी."
दोन शब्द. जोडून. आयुष्यात पहिल्यांदा.
नेहाताई आतून धावत. "कोण बोललं? ओवी?" ओवीने परत म्हटलं, अख्ख्या क्लिनिकला ऐकू जाईल असं. मी रडत होते की हसत होते देव जाणे. श्वे.चा लाडू हातातच. नेहाताई म्हणाल्या, "आज बसवू नका हिला. सकाळच्या वेळेचं मी उद्या कळवते. श्वेता, तू जरा आत ये." काय होतंय कोण जाणे. नणंदेचा पोरगा काही सुखासुखी हटणार नाही.
तशीच तलावपाळीला नेली. होड्या बांधून ठेवलेल्या. "उद्या नक्की हं," म्हटलं. ओवी नुसती बघत राहिली माझ्याकडे.
श्वेताला मी सोडणार नाहीच. पण आधी होडी.