शेगडीवरची तीन अक्षरं

एल्वेबाक, नॉर्वे
शनिवार, ९ मार्च १९९६

प्रिय काका,

पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल. मी ओशिल्ड, तुमच्या धाकट्या भावाची, आर्विदची मुलगी. तुम्ही स्वीडनला गेलात तेव्हा मी पहिलीत होते. संत्र्याची साल मध्ये न तोडता एका लांब पट्टीत काढणारे काका, एवढेच तुम्ही माझ्याकडे शिल्लक आहात. पत्ता तुमच्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तुमची कार्डं दर वर्षी येतात आणि आई ती पावाच्या डब्यामागे जपून ठेवते.

तुम्ही कसे आहात? इकडे सगळे बरे आहेत. नदी अजून गोठलेलीच आहे. मी इतिहासाची पदवी घेतली, आपल्या घरातली पहिलीच, आणि आता गावच्या संग्रहालयात काम करते. आई म्हणते, "पदवी मिळाल्यापासून ही घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव-गाव विचारत फिरते. उद्या मलाही विचारेल."

पत्राचं कारण म्हणजे डोंगरावरच्या घरातली आपली बिडाची शेगडी. धुराडी तपासणारा माणूस येऊन गेला. शेगडीच्या डाव्या पाटीला चीर पडली आहे आणि ती पाटी बदलल्याशिवाय आत काडीसुद्धा लावायची नाही, असं त्याने बजावलं आहे. ईस्टर तोंडावर आला. पाटी बदलायची तर शेगडी कुठल्या ओतशाळेची, कुठल्या नमुन्याची, हे कळायला हवं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "धूर वर जातो, ऊब खाली राहते. आणखी कसली ओळख पाहिजे तुला? मोडीत दे ती. पत्र्याची नवी आणू."

ते ती मोडीत देतील, यावर माझा विश्वास बसला नाही. दर ईस्टरला वर गेल्यावर, अंगातला कोट काढायच्याही आधी, ते तीच पाटी बाहीने पुसतात.

मी शेगडीचे फोटो काढले आणि आमच्या संग्रहालयाचे प्रमुख हाल्वोर यांना दाखवले. त्यांनी जुन्या ओतशाळांच्या नमुन्यांची पुस्तकं उघडली, दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, ही एक शेगडी नाही. दार एका घराण्याचं, पाठ दुसऱ्याची, पाय तिसऱ्याचेच. हा संसार आहे!" मग त्यांनी विचारलं, "आणि डावीकडे हे काय लिहिलंय? मोट?"

मी त्यांना अभिमानाने सांगितलं, की ते आमच्या घराचं वाक्य आहे. मोट, म्हणजे धीर. जुन्या शेगड्यांवर बायबलातली वचनं असतात, तसा आमच्या शेगडीवर हा एकच शब्द. स्कीवरून पडून रडत घरी आलं, की आजी विचारायची, "शेगडीवर काय लिहिलंय?" आम्ही नाक ओढत म्हणायचो, "मोट." मग वाफाळता कोको मिळायचा.

गेल्या शनिवारी आम्ही वर गेलो. बाबांना शेजाऱ्यांच्या स्नोस्कूटरमागे घसरगाडीवर बसवून नेलं. संग्रहालयात शिकवलं आहे तसा मी पाटीवर पातळ कागद धरला आणि त्यावर कोळसा घासून अक्षरांचा ठसा उतरवला. उजेडात नीट दिसावा म्हणून तो खिडकीच्या काचेला चिकटवला आणि लाकडं आणायला बाहेर गेले. शेगडी बंद असली तरी अंगणातल्या चुलाण्यावर कॉफी करायची होती. लाकडं हल्ली मीच फोडते. मोळी घेऊन वळले आणि बाहेरून खिडकीकडे पाहिलं.

कागदाच्या मागच्या बाजूने तीच तीन अक्षरं दिसत होती. आपल्या लिपीत M, O, T ही तिन्ही अक्षरं पुढून आणि मागून सारखीच दिसतात, फक्त क्रम उलटतो. काचेवर लिहिलं होतं: टोम.

तुमचं नाव, काका. आमच्या घरात कुणी घेत नाही ते. बाबा "तो" म्हणतात, आई "स्वीडनवाले" म्हणते.

मी मोळी घेऊन तशीच आत गेले. बाबा खिडकीपाशी बसले होते. "आत्ता दिसलं होय तुला?" ते म्हणाले. "आणि पदवी इतिहासाची!"

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. तुम्ही ओतशाळेत नवे होता. वाळूच्या साच्यात बोटाने स्वतःचं नाव लिहिलंत. साच्यात जे सुलट लिहावं ते बिडावर उलटं उतरतं, हे शिकाऊ उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि तुम्ही नेमकं तेच विसरलात. मुकादमाने सगळ्यांसमोर वाचलं, "मोट! धीर तर बघा कार्ट्याचा!" पाटी बाद झाली. आजोबांनी ती आणि अशाच बाद झालेल्या आणखी पाट्या मागून घेतल्या, घसरगाडीवर घालून वर आणल्या आणि शेगडी उभी केली. तेव्हापासून बाबा तुम्हाला मोट म्हणूनच हाक मारायचे.

काका, सगळे बरे आहेत असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. ऑक्टोबरात बाबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात अजून उचलला जात नाही, काही शब्द सापडत नाहीत. इस्पितळात सुरुवातीला ते एकच शब्द बोलत होते. मोट. रात्रंदिवस. परिचारिका त्यांचा हात हातात घेऊन म्हणायची, "हो हो, धीर आहेच तुमच्यात." डॉक्टरांनीही कौतुक केलं. मीही ते सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. आई तेवढी उठून बाहेर जायची. मला वाटायचं, तिला बघवत नाही.

ते तुम्हाला बोलावत होते, आणि आम्ही त्यांना शाबासकी देत होतो.

तुम्ही स्वीडनला जाण्याआधी ओतशाळेत झालेल्या संपाबद्दल मी तुम्हाला काही विचारत नाही. बाबा फाटकाबाहेर उभे होते आणि तुम्ही आत कामावर गेलात, एवढं मला माहीत आहे. मी बाहेर उभ्या असलेल्यांच्या बाजूची आहे, हे लपवणार नाही; तुम्ही इथे आलात तर त्यावर मी तुमच्याशी भांडेनसुद्धा. पण एका बाजूला उभं राहायचं म्हणून दुसऱ्या बाजूच्या माणसाचं नावच घरातून काढून टाकायचं, हे मला पटत नाही. शिवाय आमच्याकडून ते निघालंही नाही. आम्ही त्याच्यासमोर बसून मोजे वाळवत आलो.

तेव्हा शेगडीची ओळख पटली आहे. तिचा नमुना कुठल्याच पुस्तकात नाही आणि तशी पाटी कुठे विकत मिळणार नाही. तुटकी पाटीच वाळूत दाबून तिच्यावरून नवी ओतता येते, असं मी वाचलं आहे. पण बीड थंड होताना किती आकसतं, चीर कशी बुजवायची, हे मला कळत नाही. तुम्ही अजून ओतकाम करता, असं कार्डांवरून दिसतं. पाटी मी काढून देईन, पण ती न्यायला तुम्हीच या. टपालाने पाठवणार नाही.

"त्याला काही कळवू नकोस," असं बाबा म्हणाले होते. आई म्हणाली, "शेगडीचं कळव. शेगडीबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही." म्हणून हे पत्र शेगडीबद्दल आहे.

आज सकाळी लिहायला बसले तेव्हा बाबा समोर होते. कुणाला लिहिते आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, "बाबा, नवी पाटी केली तर नाव या वेळी सुलट करायला सांगू का?"

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "नको. उलटंच राहू दे. सुलट केलं तर तो परका वाटेल." आणि थोड्या वेळाने, "वाळू तो तिकडची वापरणार का? आपल्या नदीची बारीक आहे म्हणावं."

ईस्टरपर्यंत शेगडी थंडच ठेवते आहे.

तुमची पुतणी,
ओशिल्ड