मुद्दाम जुनं केलेलं कुडतं

नाना, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे घालून जी माणसं वाढली, त्यांच्यातले तुम्ही एक, आणि त्यांच्या नावाने सभा गाजवणारा मी एक. जुनेर देणाऱ्या हातांचा राग आपल्या दोघांनाही होता. मी तो माइकवरून ओरडून सांगितला. तुम्ही कधी बोलला नाहीत, फक्त नीट कपडे घातलेत. तुमचा राग माझ्यापेक्षा खरा होता हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून आरशासमोर उभं राहायची लाज वाटते.

जळगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, दिवसभर काम करून तुम्ही यायचात, तेव्हा भुवयांतसुद्धा कापूस अडकलेला असायचा. अंघोळ होते. आई इस्त्रीसाठी पितळी तांब्यात निखारे भरते, पण बाह्यांवर तो फिरवायला तुम्ही तिला देत नाही, स्वतःच फिरवता. पांढरा शर्ट, कडक कॉलर, खिशात कंगवा, आणि आपण बाजारात निघतो. कोपऱ्यावरचा पानवाला हटकतो, "काय साहेब, कोर्टात निघाले का?" तुम्ही मान न वळवता म्हणता, "हां, तारीख शे. तुमनीच." सगळे हसतात, पानवालाही. मला मात्र तुमचा तो थाट उसना वाटायचा. पहूर गावी तुमचे वडील, माझे आजोबा, स्वतःच्या लग्नातसुद्धा पाटलाच्या घरचा टाकलेला सदरा घालून उभे होते, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत. मी ते ऐकलं, आणि पुढे भाषणात वापरलं.

मग मी धुळ्याला कॉलेजात गेलो. आग्रा रोडवर बॅगी पँटी आणि धुवट जीन्स घातलेली पोरं हिंडत होती. त्यांच्यात मी वेगळा: खादीचं चुरगळलेलं कुडतं, उसवलेली कॉलर, खांद्याला शबनम, वाढलेली दाढी. पुस्तकं वाचत होतो, चळवळीच्या सभेत बोलायला उभा राहिलो की हॉल शांत व्हायचा. हळूहळू माझं कुडतं पोरांना आवडू लागलं. तुम्ही मला ऐकायला म्हणून जळगावहून आलात, तेव्हा होस्टेलच्या मागे दोघं जण नवी कोरी कुडती धुण्याच्या सोड्यात उकळत होते.

"हाई काय चालू शे?" तुम्ही विचारलंत.

"कुडती जुनी करताहेत, नाना."

तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "आपोआप जुनं व्हई जाई, भाऊ. धीर धर." पोरंही हसली. मी हसलो नाही. मला वाटलं, तुम्हाला चळवळ काय कळणार.

त्या दुपारी मी साधेपणावर बोललो. टाळ्या पडत होत्या, जीभ सैल सुटली होती, आणि मी म्हणालो, "इस्त्रीच्या कपड्यातला ताठपणा माणसाचा नसतो, कापडाचा असतो!" हॉल हसला. मग हसणाऱ्या माना वळल्या, कारण त्या अख्ख्या हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट एकाच माणसाच्या अंगावर होता. तुम्ही खाली बघितलं नाहीत. तुम्ही माझ्याकडेच बघत होता, आणि मी पुढचं वाक्य विसरलो. लोकांना वाटलं, मी टाळ्या संपायची वाट बघतोय.

एसटी स्टँडवर जळगावची गाडी लागली होती. चढता चढता तुम्ही म्हणालात, "फाटेल घालाले आपले भाषण नही लागे, भाऊ. मना बापनी जलमभर फाटेलच घालं. त्याले कोठे टाळ्या भेटन्यात?" आवाज चढलेला नव्हता. नंतर खिडकीतून विचारलंत, जेवलास का म्हणून. त्यानंतर माझ्या एकाही सभेला तुम्ही आला नाहीत. चाळीसगावला बोलावलं, पाचोऱ्याला बोलावलं. प्रत्येक वेळी जिनात काम निघायचं. हंगाम संपून जिन बंद असायचं तेव्हासुद्धा.

माझं ते इस्त्रीचं वाक्य परत घेता आलं असतं, नाना. तुम्ही त्यानंतरही बरीच वर्षं होता. पण ते परत घ्यायचं तर कुडतंही उतरवावं लागलं असतं. त्या कुडत्यातच लोक मला ओळखत होते, आणि त्यात मी मला फार आवडत होतो. विस्कटलेले केस हवे तसे विस्कटायला मला तुमच्या भांगापेक्षा जास्त वेळ लागायचा. मला कपड्यांचा शौक होता, तुमच्याइतकाच. तुम्ही तो उघड केलात. मी त्याला तत्त्वाचं नाव दिलं, आणि ज्यांच्याकडे खरोखर एकच फाटका सदरा होता त्यांच्यासमोर तो मिरवला. अजूनही नवं कुडतं आणलं की आधी दोनदा धुतो, पिळून तसंच वाळवतो, आणि मगच अंगात घालतो.

म्हणून एक मागतो. पुढच्या सभेत मी साधेपणावर बोलू लागलो, की रांगेतून उठा आणि सगळ्यांसमोर मला विचारा, "भाऊ, आज आरशापुढे किती वेळ व्हतास?" उठाच. तुमच्याकडे मागतो आहे, कारण तुम्ही येणार नाही हे मला माहीत आहे. समोर बसणाऱ्या जिवंत माणसांपैकी एकालाही मी हे विचारायला सांगितलेलं नाही.