मरम्मत तलब

नाना, तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आपण एकाच घरात राहिलो, पुढं एकाच कचेरीत बसलो. पत्र लिहायचं ते लांबच्या माणसाला. आता तुम्ही इतके लांब की पत्ता काय घालावा तेच कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा गाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर झालंय. मीही पंच्याऐंशीला टेकले. गुडघे कुरकुरतात, चष्मा ठेवलेल्या जागी सापडत नाही, तोंड मात्र तुम्हाला माहीत होतं तसंच आहे. सून म्हणते, आई, तुमच्या जिभेला काही पेन्शन मिळालेली नाही. तर त्याच जिभेनं परवा एक वाईट काम केलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, पण ते सांगायचं तर आधी सराईचं सांगायला पाहिजे.

जुन्या बाजारामागची ती लहान सराई. तिचं चित्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, ती बघायला कधी पाहुणा आला नाही. बारा खोल्या, पुढं कमानींची ओवरी, मधे जमिनीखालच्या नहरीतून येणाऱ्या पाण्याचा हौद आणि दारावर एक मोठी कमान. पैठणकडून कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, दवाखान्यात कोणाला तरी ठेवून आलेली बाई, खुलताबादच्या उरुसाला निघालेलं कुटुंब, सगळे तिथं पथारी टाकायचे. पोलीस ॲक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं, कचेरीत अजून उर्दूच चालू होती. तुमचं काम म्हणजे अशा सार्वजनिक इमारती दरवर्षी जागेवर जाऊन बघायच्या आणि त्यांची हालत वहीत लिहायची. त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे, मी सायकलच्या दांडीवर बसून तुमच्याबरोबर आलेय. तुम्ही कोटाची बाही वर सारता आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवत चालता. एक खोली, दुसरी खोली. ओणवे होऊन कान लावता. गिलाव्याचा आवाज पोकळ आला की खडूनं फुली. लोक बघतात, मला लाज वाटते. एवढा कोट घातलेला माणूस भिंतीला कान लावून काय ऐकतो, म्हणून एक म्हातारा विचारतो, "काय साहेब, आत कोणी हाय का?" तुम्ही म्हणता, "हाय ना. चुना हाय, गूळ हाय, बेलफळ हाय. आजून जित्ते हायत सगळे."

सराई सांभाळायला एक बाई होती, सगळे तिला बी म्हणायचे. कोपऱ्यातल्या खोलीत तिचा संसार, ओवरीत तिची चूल. तुम्हाला बघून ती पदरानं खाट झटकते आणि तक्रार सुरू करते. "साब, हौज में पानी कम आरा. नल में मट्टी बैठी. और वो झाड देखो, कमान कू खा जारा." कमानीच्या फटीत पिंपळाचं हातभर रोप आलेलं असतं. तुम्ही बघता, वाजवता, पुन्हा बघता आणि म्हणता, "बी, काही घाबरू नको. झाड मुळासकट काढायचं, भेग चुन्यानं भरायची, नळ साफ करायचा. मग तुझ्या नातवंडांच्या नातवंडांनी इथं झोपावं." मग मांडीवर वही ठेवून तुम्ही लिहिता. मी तिसरीपर्यंत उर्दूतच शिकलेली, म्हणून अक्षरं लावून लावून वाचते: मरम्मत तलब. म्हणजे काय, नाना? "तलब म्हणजे मागणं गं. मला चहाची तलब येते का नाही? तशी हिला चुन्याची आलीय. मरम्मत मागतेय बिचारी." बी हसते आणि मला गुळाचा खडा देते.

पुढं काय झालं ते तुम्ही भोगलंत. निजाम गेला म्हणून गल्लीत पेढे तुम्हीच वाटले होते, आणि कचेरीत मराठी आली तेव्हा मुके झालात तेही तुम्हीच. घरात मराठी बोलणारा, देवासमोर मराठीत आरती म्हणणारा माणूस, पण दफ्तरातला प्रत्येक शब्द उर्दूत शिकलेला. "अर्ज" लिहिता यायचा, "विनंती-पत्र" म्हटलं की लेखणी अडायची. तुम्हाला जुन्या दफ्तराच्या खोलीत बसवलं, आणि मी मॅट्रिक झाले तेव्हा मला त्याच कचेरीत चिकटवलं. का, तर पोरीला बापाचं अक्षर वाचता येतं. तुमच्या वह्या मराठीत करायच्या, हे माझं पहिलं काम. काय टेचात बसले होते मी त्या टेबलाला! नवं पातळ, नवा टाक, आणि समोर पुण्याकडून आलेले हेडक्लार्क. त्यांची मराठी अशी गुळगुळीत की ऐकत बसावं. त्यांच्यासमोर तोंड उघडलं की मला माझंच बोलणं खडबडीत वाटायचं. मी सराईच्या ओळीपाशी आले आणि मोठ्यानं वाचलं, "मरम्मत तलब." शेजारचा कारकून म्हणाला, "मरम्मत? कोणाला बडवायचंय, बाई?" दुसरा म्हणाला, "तुमच्या वडिलांना कसली तलब आली होती?" सगळे हसले. नाना, मीही हसले. मग हेडक्लार्क साहेब म्हणाले, "'मोडकळीस आलेली' असं लिहा. शोभतं." मी लिहिलं. सराईच्याच नाही, जिथं जिथं तुमचे ते दोन शब्द आले, तिथं तिथं मी झोकदार अक्षरात मोडकळीस, मोडकळीस लिहीत गेले.

ते नवं लिहिलेलं पान मी कौतुकानं घरी आणलं होतं, तुम्हाला दाखवायला. आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलीजवळ पाटावर. तुम्ही ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलंत आणि बोट थांबलं. "कोण मोडकळीस?" मी म्हटलं, सराई. तुम्ही म्हणालात, "मी असं कुठं लिवलं? दुरुस्ती पाहिजे, असं लिही की. सोपं तर हाय." सोपं होतं हो. पण "दुरुस्ती पाहिजे" हे मला चुलीपुढचं वाटलं, कचेरीतलं वाटेना. साहेब हसतील, असं मनात आलं. आणि मी काय बोलून गेले? "नाना, तुमचं ते मरम्मत-फिरम्मत आता चालत नाही. तुमची भाषा गेली आता." आईचा हात परातीत थांबला. तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "भाषा गेली तर जाऊ दे. सराई उभी हाय ना आजून?" मी म्हटलं, उद्या बदलते. त्यानंतर तुम्ही दोनदा विचारलंत, बदललं का. दोन्ही वेळा मी व्हय म्हटलं. आणि तिसऱ्यांदा विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी त्या जागेची फाइल निघाली. दुकानांची मोठी इमारत बांधायची होती. एक तरुण इंजिनिअर माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, नोंद दाखवा. कपाटातून वही मीच काढली आणि पान मीच उघडून दिलं. त्यानं वाचलं, म्हणाला, "मोडकळीसच आलीय, मग प्रश्नच मिटला." एक मिनिट पुरलं असतं, नाना. साहेब, तिथं माझी चूक झालीय, एवढं म्हणायला एक मिनिट लागतं. पण वीस माणसांत आपली चूक सांगायची, ती पण आपण ज्या अक्षरावर शाबासकी घेतली त्या अक्षरातली! मी दौतीचं झाकण लावत बसले. तो सही करून गेला.

पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी मी बघायला गेले. जायला नको होतं. मोडकळीस आलेली ती सराई तीन दिवस पडेना. पहार मारली की ठिणगी उडायची. कमान तर अशी हट्टाला पेटली होती की दोर लावून ओढायला दहा माणसं लागली. एक मजूर हातावरचे फोड दाखवत मला म्हणाला, "बाई, ही पडाया आली व्हती असं कोण म्हनलं? त्याला आना हितं, एक घाव घालू द्या." बी रस्त्यापलीकडं आपल्या भांड्यांच्या बोचक्यावर बसली होती. तिनं मला ओळखलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बेटी, तेरे बावा तो बोले थे बस चुना लगाओ. फिर ये कौन बोल्या गिराओ?" मी म्हटलं, वरून हुकूम आला असेल. ती बहिणीकडं खुलताबादला निघून गेली आणि तिकडंच वारली, असं मागाहून कळलं. त्या कॉम्प्लेक्सच्या छतातून आता पावसाळ्यात पाणी गळतं, दुकानदार बादल्या ठेवतात. मला त्याचा आनंद होतो, आणि मग आपल्याच मनाची किळस येते.

आता परवाचं. एक मुलगी घरी आली, पंचविशीची असेल. तिचा एक गट आहे. रविवारी सकाळी लोकांना घेऊन गल्ल्यांतून फिरतात, जुन्या इमारती दाखवतात. मोठी नाव झालेली स्मारकं नाहीत बरं का! हौद, कमानी, नहरीचं पाणी चढवायचे उंच बंबे, जुनी दुकानं, ज्यांच्याकडं आपण रोज बघतो आणि बघत नाही. एका कमानीपाशी तर म्हणे त्यांनी रांगोळी काढली, वाढदिवस असल्यासारखे पेढे वाटले. मला हसू आलं, आणि तुमची फार आठवण आली. तुम्ही असतात तर पुढं होऊन भिंत वाजवून दाखवली असती. ती आली होती वेगळ्याच कामासाठी. शहराच्या जुन्या तटाच्या भिंतीत एक खिडकी, म्हणजे लहान दरवाजा, उरलीय, एका वेळी एक सायकल जाईल एवढी कमान. शाळेची पोरं रोज तिच्यातून जातात. तिच्यावर पाडण्याची नोटीस लागलीय. कारण काय, तर जुन्या नोंदीत ती मोडकळीस आलेली आहे. मुलीनं पानाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. माझंच अक्षर, नाना, आणि खाली माझीच सही. काय वळणदार होतं!

ती म्हणाली, "आजी, हे तुम्ही केलंय ना? मूळ उर्दू वही कुठं मिळेल?" मी म्हटलं, रद्दीत गेली. ते खोटं आहे. रद्दीवाल्याचा गाडा दारात उभा असताना ती एक वही मी पिशवीत घालून घरी आणली होती, आणि ती माझ्या पलंगाखालच्या पेटीत आहे. पान उघडलं तर खिडकीपुढं तुमचे तेच दोन शब्द आहेत. ती मुलगी चांगली आहे, मला वाचवायलाच बघत होती. मूळ लिहिणारे माझे वडील, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "तुम्ही तर फक्त भाषांतर केलंत हो आजी. मूळ लिहिणाऱ्यानंच नीट बघितलं नसेल." आणि मी मान हलवली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण या जिभेला कुठं थांबता येतं? मी म्हटलं, "असेल बाई. जुनी माणसं, खुर्चीत बसूनच लिहायची."

तुमच्याबद्दल, नाना. तुमच्याबद्दल मी असं बोलले.

नोटिशीला अजून चार दिवस आहेत. ती आपला नंबर कागदावर लिहून गेलीय, तो कागद या पत्राशेजारीच पडलाय. पेटी ओढून वही बाहेर काढलीय, पुसून ठेवलीय. फोन लावला की ती पहिल्यांदा विचारणार, आजी, मग त्या दिवशी तसं का म्हणालात? सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. खरं सांगते, तिला फोन करायचा सोडून तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.