ढवळीला शिगोशीग तेल

सोम. ३ फेब्रु.
ढवळीच्या खाली परत डाग. काल पुरीएवढा व्हता, आज भाकरीएवढा. हे गेल्यापास्नं गाडी मीच चालवते. मार्केट यार्ड, बँक, लोणी, बास. ढवळी नाव मी ठेवलं, रंगावरनं. यांना आवडायचं न्हाई. "गाडी हाय ती, गाय न्हाई." आता पान्हवलीच म्हणल्यावर गायच की!

वरच्या मजल्यावरच्या आगाशे बाई जिन्यात भेटल्या. "तुमच्या गाडीचं तेल रोज माझ्या चपलेला लागतं. केसांना लागलं असतं तर आभार मानले असते." इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून रिटायर झाल्यात, पण तास सुटलेला न्हाई.

भावजींना फोन केला. यांचे धाकटे भाऊ, लोणी काळभोरला असतात. जन्म सगळा ट्रॅक्टर आन पंपाची इंजनं उघडण्यात गेला. म्हणले, "ग्यारेजला न्हिऊ नका वैनी. मी येतो रविवारी."

रवि. ९
भा. आले. स्वारगेटला बस बदलून, मांडीवर पान्यांचा डबा. बॉनेट उघडलं, डोळं मिटल्यासारखं करून बोटं फिरवली. "हितनं गळतंय. वरच्या झाकणाचं पॅकिंग वाळून दगड झालंय." डोळ्यानं बघितलंच न्हाई. मोतीबिंदू हाय, घरात पत्ता न्हाई. सुनेला कळलं तर डबा माळ्यावर जाईल ही भीती. मला ठाव हाय, कारण दिवाळीत सुपारी म्हणून खारकेची बी दिली तर तोंडात टाकली व्हती. दोघं लई हसलो. कुणाला सांगू नका म्हणले.

नवं पॅकिंग बसवलं. दोन तास. शेवटाला तेल घातलं, मोजायची पट्टी काढून माझ्यापुढं धरली.
"वैनी, वरच्या रेघंच्या खाली हाय का?"
"हाय."
"मग बास. आता हात लावू नका."
पिठलं-भाकरी खाल्ली, एकेक पाना पुसून डब्यात घातला, गेले.

मंगळ. ११
पुठ्ठा अंथरलाय खाली. कोरडा.
तेलाच्या कॅनमधी अजून निम्म्याच्या वर तेल हाय. पट्टी बघितली. तेल दोन रेघांच्या मधी. मधी म्हणजे काय! आमच्या आईनं उभ्या जन्मात कुणाला कमी माप घातलं न्हाई. पायली भरली की वर शीग, आन शीग जरा सांडली पाहिजे, तेव्हा हात थांबवायची. सगळा कॅन ओतला. खा म्हणलं ढवळे.

शुक्र. १४
यार्डातनं कांदे आणले. येताना मागं निळा धूर. संध्याकाळी पुठ्ठ्यावर हे एवढं तेल. पहिल्यापेक्षा जास्त.
भा.ना फोन. "काय भावजी, पॅकिंग बसवलं का पाझर फोडला?" हसले. पण थोडंच.

रवि. १६
भा. परत आले. परत सगळं उघडलं. पॅकिंग चांगलंच व्हतं म्हणे, तरी दुसरं घातलं. आज एकेक बोल्ट दोनदा चाचपला.
पट्टी धरली. "रेघंच्या खाली हाय ना वैनी? नीट बघून सांगा."
तेल भरपूर. रेघ दिसंना इतकं. म्हणलं, हाय हाय, मस्त हाय.
मी ओतलं ते बोलले न्हाई. उगं बोलणी कोण खाणार.

बुध. १९
गळतंयच.

रवि. २३
लोणीला भावकीत बारसं. ढवळी घेऊनच गेले. पंगतीत कुणीतरी विचारलं, गाडी कशी हाय. मला काय, तेवढंच पाहिजे असतं. "आमच्या भावजींनी दोनदा पॅकिंग बसवलं, आता गाडीखाली हौद बांधायचा राहिलाय." सगळी पंगत हसली. मग मी खारकेच्या बीची पण गोष्ट सांगितली. ती का सांगितली मी? संतोष, त्यांचा पोरगा, वाढत व्हता, त्याचा हात थांबला. "म्हणजे पप्पांना दिसत नाही?"
भा. मान खाली घालून जेवत व्हते. ताटात काय न्हवतं तरी.

निघताना पान्यांचा डबा आणून मागच्या शिटावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. भंगारात घातला तरी चालंल."
वाटंत हडपसरपर्यंत मी एकटीच बडबडत व्हते. गंमत केली, गंमत पण कळत न्हाई माणसाला...

मंगळ. २५
ढवळीचं बॉनेट उघडं टाकून फडकं आणायला गेले, येते तर आगाशे बाई उभ्या, हातात पट्टी.
"हे काय आहे? इंजिनात भजी तळायची आहेत का?"
म्हणलं, काय झालं?
"तेल रेघेच्या कुठल्या कुठे वर आहे. जास्त झालं की इंजिन ते मिळेल तिथून बाहेर ढकलतं. तुमच्या दिरांचं काम उत्तम आहे. कोणी ओतलं एवढं?"
मी म्हणलं, काय म्हाईत.
बाईंनी पट्टी परत आत घातली. चष्मा पुसला आन वर गेल्या.
जेवण गेलं न्हाई.

बुध. २६
भा.च्या डब्यातला पाना घेतला. जास्तीचं तेल सोडायला पोतं टाकून गाडीखाली आडवी झाले. या वयात! खालचा बोल्ट ढिला झाला तसं तेल कोपरापर्यंत. घमेलं वाकडं. बोटानं भोक दाबून धरलं आन तशीच पडून राह्यले. हाक कुणाला मारणार.
चपला दिसल्या. आगाशे बाई. खाली बसल्या, टॉर्च धरला. बोल्ट लागला. मग पट्टी माझ्या हातात दिली.
"आता बघा. आणि या वेळी खरं सांगा."
दोन रेघांच्या मधी.
"मी ओतलं व्हतं," म्हणलं.
"ते मला कालच कळलं. मला सांगून काय उपयोग?"

रवि. २ मार्च
चार दिवस पुठ्ठा कोरडा. काल कात्रजपर्यंत जाऊन आले, तरी कोरडा. धूर न्हाई. पॅकिंग पहिल्या दिवसापास्नंच बरोबर व्हतं.
फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला.
"भावजी, ढवळी आटली."
"आं? कशी काय?"
"आपोआप."
माझ्या तोंडाला काय झालंय!
"बरं झालं," म्हणले. "माझ्या हातनं न्हाई झालं तर न्हाई. झालं ना."
फोन ठेवून मी आरशासमोर गेले न्हाई. केस पण न बघता बांधले.

बुध. ५
संतोषचा फोन, कुठल्याशा लग्नाचं सांगायला. सहज म्हणला, "काकू, तुझा हौद फेमस झाला गावात. शेजारचे पंपाचं इंजन पप्पांकडं आणणार होते, दुसरीकडं नेलं. बरंच झालं, नाहीतरी डोळे गेलेत. आता घरीच बसतात. डॉक्टरकडं चला म्हणलं तर नाही म्हणतात. बघून करायचं काय, म्हणतात."
हे असते तर मला एका शब्दानं काय बोलले नसते. तेच वाईट.

रवि. ९
लोणीला गेले. डबा बरोबर. ओट्यावर पाच-सहा जण चहाला. जे पंगतीत हसले व्हते तेच. मनाशी म्हणलं, बसू नको, उभ्यानंच सांग.
"ऐका. भावजींचं काम बरोबर व्हतं. कॅनभर तेल मीच ओतलं वरनं, आन त्यांनी विचारल्यावर खोटं बोलले."
मग सगळे हसायला लागले. "वैनी, एक नंबर!" "कॅनभर! काय पण थाप." एक म्हातारा म्हणला, "दिराला झाकतीया बगा, गुणाची हाय."
खरं हाय म्हणून ओरडले. त्याला पण हसले.

भा. उठून मागं नळावर गेले. मी मागोमाग.
"वैनी, मला सांभाळून घिऊ नका. तेवढं तरी म्हातारं करू नका."
"देवाशपथ खरं सांगते."
"तुम्ही खरं कधी सांगता?" रागानं न्हाई म्हणले. नुसतंच.
गाडीतनं पट्टी काढून आणली, त्यांच्यापुढं धरली. हे बघा, आता रेघंच्या खाली हाय.
त्यांनी पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"मला रेघ दिसत न्हाई. तुम्हाला ठाव हाय. तुम्ही सांगाल तेच मी धरून चाललो व्हतो."
डबा घेतला न्हाई. मागच्या शिटावर खुळखुळत पुण्याला परत आला.

मंगळ. ११
सकाळी पार्किंगात बसून पट्टी मांडीवर घेतली, वरच्या रेघंवर कानसीनं खाच पाडली. आगाशे बाई वरनं बघत व्हत्या. काही बोलल्या न्हाईत, म्हणजे बरोबर चाललं असंल. डोळं मिटून नख फिरवलं. लागती.

दुपारी फोन.
"भावजी, रेघंवर खाच पाडलीय. आता डोळं नकोत, नखाला खाच कळती, बोटाला तेल. तुम्ही या, मी नवा कॅन आणते, तेल तुम्हीच ओता आन तुमच्याच नखानं बघा, किती झालं की खाच बुडती. माझं काय ऐकू नका."
"कानस कुठली घेतली?"
"डब्यातली. लाकडी मुठीची."
"ती नव्हं घ्यायची! ती भरड हाय. तिच्याशेजारची, बारीक दातांची." मग म्हणले, "लोखंडाचा किस राह्यला असंल खाचंत. पट्टी तशीच आत घालू नका, इंजन खाईल."
"मग येऊन साफ करा."
"बघू."
एक गंमत जिभेवर आली व्हती, डोळ्यांवरची. गिळली.

पट्टी धुवट फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलीय. तोवर ढवळी जागेवरच.