तुमच्यापुरतं आमेन

२ जून

ठकीनं जेवताना आज पुन्हा तेच केलं! आमच्या घरी प्रार्थना हे म्हणतात आणि शेवटचं आमेन लेकीचं, ती बोलायला लागली तेव्हापासून. आता बाईसाहेब कॉलेजात जातात ना, म्हणते, "तुमच्यापुरतं आमेन." असा राग आला! हे मात्र हसत भाजी वाढून घेतात. "अर्धं तरी पदरात पडलं."

५ जून

बापलेकीचा वाद. "प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, बाबा. सगळ्यांसाठी खरं असं काही नसतंच."

हे दुकानातून आणलेला गिऱ्हाइकाचा चष्मा पुसत होते. "हे तू म्हणालीस ते सगळ्यांसाठी खरं का गं?"

ठकी आधी फणकारली, मग खुदकन हसली. "शब्दात पकडू नका हं!"

"अगं, चष्म्याचा नंबर ज्याचा त्याचा. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एकच." आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकला लागला. थांबेचना. मला हा खोकला आवडत नाही.

११ जून

ह्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी आणि ठकी गेलो. फुप्फुसात गाठ आहे. पसरली आहे. डॉक्टर म्हणाले, काही महिने. म्हणाले, त्यांना सांगा.

जिन्यातच ठरवलं, सांगायचं नाही. ठकीला बजावलं. ती नुसती बघत राहिली.

घरी आल्यावर म्हटलं, "जुना कफ आहे, औषधानं जाईल." जीभ जरासुद्धा अडखळली नाही! प्रभू, क्षमा कर. नाही, इतक्यात नको; अजून हेच सांगत राहायचंय. आत्ता हे निवांत पेपर वाचताहेत.

१२ जून

ह्यांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले — रिपोर्ट चांगला आला म्हणून! मी डोळे घट्ट मिटून बसले. ठकीचं आमेन येईना. अर्धंसुद्धा.

"काय गं?" ह्यांनी विचारलं.

"खोट्याला आमेन नाही म्हणणार मी."

ताटं तशीच राहिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मी रडतेय, ठकी रडतेय, आणि हा माणूस म्हणतो काय — "खोटं असतं म्हणतेस? मग खरंही असणार, ठके." तिला जवळ घेतलं. तिनं वाद घातला नाही.

सत्य एकच, असं जन्मभर मी घोकलं आणि थाप मारली मीच. जी ते मानत नाही, तिला थाप पचली नाही. आता रागावू कुणावर?

१३ जून

ह्यांना शांत झोप लागली. मलाही.

२० सप्टेंबर

चमचा हातात धरवत नाही, प्रार्थना मात्र सोडत नाहीत. ठकी भरवते. "तुमच्यापुरतं आमेन," अगदी हळू म्हणते, गाल कुरवाळत. हे अजून हसतात. माझं लेकरू गं ते!

४ ऑक्टोबर

काल ह्यांना माती दिली.

आज दोघीच जेवायला बसलो. प्रार्थना म्हणायला तोंड उघडेना. ठकी म्हणाली, "आई, बाबा परत भेटतील हे तुझ्यापुरतं खरं आहे, की खरंच खरं? तुझ्यापुरतं असेल तर नको सांगूस."

"खरंच खरं."

जिन्यात पाहिलं होतं तसंच पाहत राहिली. मी नजर हलवली नाही.

"आमेन," म्हणाली. नुसतं आमेन.