लवंगेच्या वासाची बाटली

२ मार्च
नवा नियम आला. भांगेच्या रोपापासून केलेलं तेल विकायचं तर आधी आमच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. नशा आणणारा अंश मर्यादेत असेल तरच परवाना. टेबलावर बाटल्यांची रांग लागलीय! कुणाचंच नाव नाही, नुसते नंबर. साहेब म्हणतात, नाव कळलं की हात अडखळतो.

५ मार्च
आज एक बाटली उघडली आणि पुन्हा हुंगून पाहिली. लवंग! या तेलात लवंग घालणारा एकच माणूस मला माहीत आहे — दादा. आईला गुडघेदुखीवर दिलेल्या तेलाचा उग्र वास सोसेना म्हणून तिच्यासाठी घालायला लागला, मग गिऱ्हाइकांनाही आवडली. तेलाचं दुकान म्हणजे त्याचा जीव की प्राण.
नशेच्या अंशाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. पुन्हा केलं. तेच.

६ मार्च
रिपोर्ट लिहिला नाही. दादाचा फोन आला. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, माल एकदम स्वच्छ आहे म्हणाला. ज्यांच्याकडून अर्क घेतो ते तसं शपथेवर सांगतात म्हणे. भोळा सांब!
संध्याकाळी आईला थेंब द्यायला दादाच्याच तेलाची बाटली उचलली आणि हात तिथेच थांबला. वर्षभर मीच देतेय. वर्षभर आई मला 'ताई' म्हणतेय, तिची बहीण समजून. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही मान डोलावली. दिवसभर लोकांच्या बाटल्या तपासते, घरातली एकदाही तपासली नाही — दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

७ मार्च
घरची तपासली. तोच आकडा. रिपोर्ट लिहून सही केली.

१२ मार्च
दुकानाला सील लागलं. दादा आला, पण उंबरा ओलांडला नाही.
"वास ओळखला होतास ना?"
हो म्हटलं.
"मग मला आधी सांगायचं तरी."
आईचं सांगायला तोंड उघडलं, तर पाठ फिरवून चालू लागला. हाक मारली. थांबला नाही.

२० मार्च
थेंब बंद केल्यापासून आई गुडघे धरून कण्हते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फार फरक नाही. दादा फोन उचलत नाही. मी नक्की कुणाचं भलं केलं, देव जाणे. फार एकटं वाटतं.

२ एप्रिल
सकाळी आईने मला माझ्या नावाने हाक मारली. वर्षाने! मी रडायलाच लागले. तिने मला नीट निरखून पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.
"दादा येत नाही गं हल्ली. काय बोललीस त्याला?"