फिदानच्या मागणीचा चहा

१२ जानेवारी १९७४, बाकू

पुन्हा हार्पची तार तुटली. उत्तरेचा वारा सुटला की मेंढीच्या आतड्याच्या तारा सुकतात आणि फटकन जातात. मॉस्कोहून नव्या यायला दोन महिने लागतील. माझ्याकडे राहून शिकणारी फिदान म्हणाली, "मावशी, तो सूर सोडून वाजवते." वेडी! पण वाजवलं तिने, आणि माझ्या अंगावर काटा आला.

संगीतशाळेच्या संचालकांनी बोलावलं होतं. गोड बोलले, तेव्हाच ओळखलं. "देल्बर खानुम, जूनमध्ये तुम्ही निवृत्त. हार्पचा वर्ग चालवायला आपलं माणूस तयार नसेल तर वर्ग बंद. खोली क्लॅरिनेटवाल्यांना देऊ."

आपल्या बायकांतली या वाद्यामागे बसलेली पहिली मी. चाळीस वर्षं झाली. आत्याने हार्प पाहिली तेव्हा तारांवर हात फिरवून विचारलं होतं, "पोरी, केवढा गालिचा विणणार आहेस यावर?" सगळं गाव हसलं. मी नाही हसले. आणि आता म्हणे क्लॅरिनेट.

तयार माणूस एकच आहे. फिदान.

१९ जानेवारी

फिदानला मागणी येणार आहे. मुलगा इल्गार, समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनियर, घर दूर गंजा शहरात. मला हे तिने बटाटे सोलता सोलता सांगितलं, माझ्याकडे न बघता. म्हणजे तिकडे सगळं ठरलंय.

मी विचारलं, "आणि हार्प?"

"इल्गार म्हणतो, बघू."

बघू!

२७ जानेवारी

इल्गारची आई, मेसमे खानुम, दोन नातेवाइकांना घेऊन येऊन गेली. बाई वाईट नाही. माझा बिही फळाचा मुरंबा दोनदा मागून घेतला. मग हळूच म्हणाली, "घरात वाजवू दे की, कोण नको म्हणतंय? पण गुडघ्यांत वाद्य धरून चारशे लोकांसमोर बसायचं... आमच्या गंजात लोक तोंडं वाजवतात हो."

आमच्या इथेही वाजवायची. मी ऐकून घेतलं आणि वाजवत राहिले. त्यापायी लग्न राहिलं, ते राहिलंच.

उत्तर न्यायला पुढच्या रविवारी येणार. रिवाज तोच: चहाबरोबर साखर दिली तर होकार, नुसता चहा दिला तर नकार.

३१ जानेवारी

शेकीहून फिदानच्या मामाचं, बहलूलचं पत्र. "गुडघ्याने निघवत नाही. तिची आई गेल्यावर दहा वर्षांची पोर तुमच्या दारात सोडली, ती तुम्हीच वाढवलीत. चहात साखर घालायची की नाही, तुम्हीच ठरवा. तुमचा होकार तो आमचा."

हे पत्र तीनदा वाचलं. नको होतं यायला.

३ फेब्रुवारी

लिहून टाकते. दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

पाहुणे बाहेरच्या खोलीत. रिवाजाप्रमाणे फिदान आत, दार लावून. चहा तिनेच करून ठेवला होता. सहा पेले, आणि मधोमध भरलेली साखरेची वाटी. ती वाटी तिने स्वतः ठेवली होती. मला तिने अजून काय सांगायला हवं होतं?

मी तबक उचललं. परत खाली ठेवलं. वाटी काढून चुलीशेजारी ठेवली आणि नुसता चहा बाहेर नेला.

मेसमे खानुमने पेल्यात पाहिलं, मग तबकात. अर्धा पेला प्यायली, उठली, माझा मुका घेतला. "पोरीचं भलं होवो." इल्गारचा काका बूट घालताना लाल झाला होता. दहा मिनिटांत घर रिकामं.

फिदान स्वयंपाकघरात आली. वाटी पाहिली.

"मावशी, साखर इथेच राहिली."

"विसरले गं."

"हे कोणी विसरतं का?"

"म्हातारी झाले मी. उद्याच पत्र टाकते त्यांना."

तिने विश्वास ठेवला. पेले विसळले.

४ फेब्रुवारी

पत्र लिहिलं नाही.

१८ फेब्रुवारी

लिहिलं. टाकलं नाही. पर्समध्ये आहे. फिदान रोज टपालपेटीत बघते. सराव करते, सहा-सहा तास. बोटांना फोड आलेत. बोट चुकत नाही आणि तरी ऐकवत नाही. असं कोरडं मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

६ मार्च

ती जेवत नाही. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेले डोल्मे केले तर दोन खाल्ले, माझं मन राखायला. आरशात स्वतःचं तोंड बघायची लाज वाटते. उद्या सकाळच्या गाडीने गंजाला जाते. मुलीकडच्या बाईने मुलाच्या घरी आपणहून जायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

७ मार्च

मेसमे खानुमने दारात मिठी मारली. खिडकीत नवरोजच्या सणासाठी गहू पेरलेली ताटली, हिरवीगार. मी सगळं बोलले. म्हणजे विसरले, एवढंच बोलले.

ती कपाळाला हात लावून बसली. "अगं बाई, एक ओळ तरी टाकायचीस! नकार समजूनही आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. मग माझ्या नणंदेने तिच्या शेजारची मुलगी दाखवली. मंगळवारी अंगठी घालून आलो. आता त्या पोरीचा काय दोष?"

तिचा खरंच काही दोष नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला हलकं वाटत होतं. आनंद झाला होता मला! फिदान राहिली, वर्ग राहिला. बाहेर मेंढ्या चरत होत्या आणि मी जूनमध्ये वर्गात घ्यायच्या मुलींची यादी मनात करत होते. एवढी नीच आहे मी. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

८ मार्च

फिदानला सांगितलं, उशीर झाला. तिने फक्त विचारलं, "पत्र कधी टाकलं होतंत?" मला खोटी तारीख सुचेना. तिने मान हलवली आणि आत गेली.

२ एप्रिल

फिदानने आज संचालकांसमोर नेमणुकीवर सही केली. वर्ग वाचला. घरी येऊन तिने ट्रंक भरली. वसतिगृहात खोली मिळाली आहे. दारात थांबून म्हणाली, "मुलींना सगळं शिकवीन. पण एकीलाही घरी ठेवून घेणार नाही."